कोंबडा की कोंबडी?

मे महिन्यात बोरिवली स्टेशनाबाहेर पडलं की पाट्या घेऊन बसलेल्या बायका दिसतात. पानांच्या द्रोणांत काळीभोर करवंदं, शेजारी जांभळं, नशीब असेल तर तोरणं आणि आळू. मुलुंडला, घाटकोपरला, ठाण्यालाही हेच दृश्य. ‘डोंगरची काळी मैना’ ही आरोळी हल्ली कमी ऐकू येते, पण मैना अजून येते. वाडा, जव्हार, शहापूरकडच्या डोंगरांतून पहाटेच्या गाडीनं येते आणि दुपारपर्यंत संपते.

एकदा मी एकाच मावशींकडून करवंदांचे दोन द्रोण घेतले. घरी आल्यावर भाचीनं ताटलीत ओतले, तर एकातली करवंदं बारीक, गोल, साखरेसारखी. दुसऱ्यातली जरा लांबट, अंगानं मोठी आणि दात आंबवणारी. तिनं दोन प्रश्न विचारले. “मामा, एकाच मावशींकडची ना? मग अशी वेगळी कशी?” आणि लगेच पुढचा, “मग त्या मोठ्या आकारात ही गोडी घालून शेतात का लावत नाहीत?”

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच वाटेवर आहेत. पहिलं थोडं अलीकडे सापडतं आणि दुसरं बरंच पुढे.

१. प्रत्येक जाळी वेगळी

करवंद हातात आलं की कोकणातली मुलं एक खेळ खेळतात. “कोंबडा की कोंबडी?” समोरच्यानं सांगायचं आणि मग करवंद दातानं तोडून बघायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. बाहेरून दोन्ही सारखीच काळी. वरून एक दिसणाऱ्या फळांच्या आत फरक असू शकतो, हे या मुलांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं.

रंगाचा फरक तर सगळ्यात सोपा. एका जाळीचं करवंद वाटाण्याएवढं, दुसरीचं बोराएवढं. एकीला चीक जास्त, खाल्ल्यावर ओठ चिकटतात. एकीत बिया दोन-तीन, दुसरीत इतक्या की गर शोधावा लागतो. एक जाळी एप्रिलच्या शेवटालाच काळी पडते, दुसरी पहिल्या पावसापर्यंत हिरवी. काटे, पानांचा आकार, घोसात किती फळं, सालीची जाडी, यातलं काहीही दोन जाळ्यांत तंतोतंत जुळत नाही.

जांभळाचं तर शहरातच बघता येतं. अंधेरीत, मुलुंडला सोसायट्यांच्या कुंपणालगत जुनी जांभळं उभी आहेत. जूनमध्ये त्यांच्याखालचा फुटपाथ जांभळा होतो. एका झाडाखाली पडलेलं जांभूळ म्हणजे बीवर ताणून बसवलेलं साल. शंभर पावलांवरच्या दुसऱ्या झाडाचं मात्र लांबट, गरानं भरलेलं. लोकांना हे माहीत असतं. सकाळी फिरायला जाणारे आजोबा पहिल्या झाडाखालून सरळ निघून जातात आणि दुसऱ्याखाली थांबतात.

याचं कारण असं की रानातलं प्रत्येक झाड आपापल्या बीतून उगवलेलं असतं. बी म्हणजे आई-बापांच्या गुणांची पत्त्यांसारखी पिसून वाटलेली नवी पानं. एका घरात चार भावंडं असतात. एकाचं नाक आजीचं, दुसऱ्याचे केस काकांचे. करवंदाच्या जाळ्याही अशाच सख्ख्या, चुलत आणि लांबच्या भावंडांचा मोठा गोतावळा आहे. मावशींचे दोन द्रोण म्हणजे त्या गोतावळ्यातल्या दोन घरांचा माल.

२. रानाची आवड आणि आपली आवड

पण मग रानात मोठी, गोड, कमी बियांची फळं आपोआप वाढत का गेली नाहीत? कारण रानाला आपली आवड ठाऊक नाही.

करवंद पिकतं ते बुलबुलासाठी. बुलबुलाच्या चोचीत मावेल एवढं फळ आणि गिळता येतील एवढ्या बिया असल्या की झाडाचं काम झालं. बी दुसऱ्या टेकडीवर जाऊन पडते. उदमांजर रात्री येऊन खातं, वटवाघळं जांभळं घेऊन उडतात. या मंडळींना गराची जाडी हवी असते, पण ती पुरेशी असली की झालं. झाडाच्या दृष्टीनं गर म्हणजे भाडं. गाडी बी घेऊन निघाली की त्याहून जास्त भाडं देण्यात त्याचा काही फायदा नसतो.

पिकण्याची वेळही तशीच. रानातल्या झाडावर आज चार फळं पिकतात, उद्या सहा, परवा पाच. त्यामुळे पाखरं महिनाभर येत राहतात. बागाईतदाराला हे नको असतं. त्याला एका आठवड्यात सगळा तोडा हवा, टेम्पो एकदाच भरायला हवा. काटे झाडाला हवेत, तोडणाऱ्या बाईला नकोत. म्हणजे लागवडीसाठी निवड करायची तर रानाला बिनमहत्त्वाचं किंवा गैरसोयीचं वाटणारं झाड शोधावं लागतं, असं एखादं झाड जे गोतावळ्यात थोडं वेगळंच निघालं.

३. मोठं म्हणजे किती मोठं?

डोळा फसवतो, म्हणून वजनकाटा घ्यावा. स्वयंपाकघरातला पुरतो.

समजा, दोन झाडांची पंचवीस-पंचवीस जांभळं वेचली. पहिल्या झाडाची पंचवीस जांभळं १०० ग्रॅम भरली, खाऊन धुऊन वाळवलेल्या बिया ४० ग्रॅम. दुसऱ्या झाडाची पंचवीस ३०० ग्रॅम, बिया ६० ग्रॅम. पहिल्यात ६० टक्के गर, दुसऱ्यात ८० टक्के. आता एका फळापुरतं बघा. पहिल्यात गर २.४ ग्रॅम, दुसऱ्यात ९.६ ग्रॅम. फळ तिप्पट जड, पण गर चौपट. बी फळाच्या प्रमाणात वाढत नाही, ती मागे राहते आणि वाढीचा बहुतेक वाटा गराच्या पदरात पडतो. म्हणून फळाच्या वजनापेक्षा गराचा आकडा बघणारा माणूस जास्त चांगली निवड करतो.

आणखी एक साधा हिशेब. गोल फळाची जाडी सव्वापट झाली तर आतला ऐवज सव्वापट होत नाही. सव्वा गुणिले सव्वा गुणिले सव्वा करा, उत्तर जवळपास दोन येतं. म्हणजे नजरेला ‘जरासं मोठं’ वाटणारं करवंद खरं तर दुप्पट ऐवजाचं असतं. निवड करणारे जुने लोक एवढ्याशा फरकासाठी डोंगर का पालथा घालत, ते यावरून कळतं.

४. झाडाचा गुण की जागेची कृपा?

इथे सगळ्यात मोठी फसगत होते. विहिरीच्या कडेचं जांभूळ टपोरं असतं, खडकावरचं बारीक. मग टपोरेपणा झाडाचा की विहिरीचा?

डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ मध्ये घेवड्याच्या बियांवर याचंच उत्तर शोधलं. घेवड्याचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे एका दाण्यापासून पुढे वाढवलेला वंश आतून सगळा सारखा असतो. अशा एका वंशातले सगळ्यात जड दाणे त्यांनी वेगळे पेरले, सगळ्यात हलके वेगळे. पुढच्या पिकात दोन्हींचं सरासरी वजन सारखंच निघालं. जड दाणे जड झाले होते ते शेंगेतल्या जागेमुळे, ओलाव्यामुळे. तो जडपणा पुढच्या पिढीत जाणारा नव्हता. पण वेगवेगळ्या वंशांमध्ये निवड केली तेव्हा फरक टिकला. म्हणजे फरक दोन प्रकारचे. एक अंगातला, दुसरा अंगावरचा. भिजलेल्या माणसाचा ओलेपणा मुलांना मिळत नाही, त्याचा सावळा रंग मिळू शकतो.

झाडाच्या बाबतीत तपासायची रीत तीच, फक्त तिला धीर लागतो. विहिरीकडच्या आणि खडकावरच्या, दोन्ही झाडांच्या काड्या घ्यायच्या, एकाच शेतात एकसारख्या रोपांवर कलमं बांधायची, एकसारखं पाणी द्यायचं आणि फळ धरेपर्यंत वाट बघायची. तिथेही विहिरीकडच्या झाडाचं फळ मोठंच आलं तर ते झाड खरं.

भाचीच्या हाताशी शेत नाही. तिच्यासाठी मी दुसरी सोपी कसोटी काढली. कोंबडा-कोंबडीचा फरक जाळीचा, की फळ किती पिकलंय त्याचा? एका जाळीवरची सारखी काळी, सारखी मऊ दहा करवंदं तोडायची आणि कापून बघायची. मग दुसऱ्या जाळीवरची दहा. एका जाळीत सगळे कोंबडे आणि दुसरीत सगळ्या कोंबड्या निघाल्या तर तो जाळीचा गुण असण्याची शक्यता मोठी. एकाच जाळीत सरमिसळ निघाली तर पिकण्याचा दिवस, ऊन, सावली यांच्याकडे बघावं लागेल. वहीत दोनच रकाने पुरतात.

५. बी लावली तर तसंच झाड येईल?

बहुतेक वेळा नाही. हे आंब्यानं आपल्याला केव्हाच शिकवलंय. हापूस खाऊन कोय अंगणात पुरली तर दहा वर्षांनी येतो तो रायवळ. कधी गोड, कधी आंबट, पण हापूस नव्हे. पत्ते पुन्हा पिसले गेलेले असतात.

जांभूळ इथे थोडं वेगळं वागतं. जांभळाची एक बी पुरली तरी कित्येकदा दोन-तीन कोंब वर येतात. त्यांतले काही नव्या मिसळणीतून आलेले नसतात. ते आईच्याच पेशींतून तयार झालेले, म्हणजे आईची हुबेहूब प्रत असतात. म्हणून चांगल्या जांभळाच्या बीचं झाड पुष्कळदा चांगलंच निघतं, असं जुनी माणसं म्हणत, ते खोटं नव्हतं. पण कोणता कोंब प्रत आणि कोणता नवा, हे रोप बघून ओळखता येत नाही.

कोकमाची, म्हणजेच रातांब्याची, गंमत सगळ्यात वेगळी. त्यात नर झाडं निराळी, मादी निराळी. बीतून शंभर रातांबे लावले तर साधारण निम्मे नर निघतात, फळ न देणारे. आणि हे कळतं केव्हा? सात-आठ वर्षांनी, फुलं आल्यावर. तोवर खत, पाणी, कुंपण सगळं दोघांना सारखंच घातलेलं.

या सगळ्यांवर उपाय एकच, कलम. निवडलेल्या झाडाची जून, फुटव्याच्या बेतात आलेली काडी घ्यायची, तिचं टोक पाचरीसारखं तासायचं, साध्या बीच्या रोपाचा कोवळा शेंडा छाटून त्याला चीर द्यायची, पाचर त्यात बसवायची आणि पट्टीनं घट्ट बांधायचं. खालच्या रोपाला खुंट म्हणतात, वरच्या काडीला कलमकाडी. मुळं एकाची, फळं दुसऱ्याची. कोवळ्या खुंटावर केलेल्या या कलमाला मृदुकाष्ठ कलम म्हणतात. आंब्यात कोयीतून नुकत्याच वर आलेल्या कोंबावरच कलम बांधतात, ते कोय कलम. करवंदात फांदीची साल गोल काढून तिथे ओलं शेवाळ बांधूनही मुळं फोडतात, ती गुटी.

कलम म्हणजे नवं झाड नव्हेच. ते जुन्याच झाडाचं लांबवलेलं आयुष्य आहे. कोकणातल्या हजारो हापूसच्या बागा म्हणजे खरं तर एकच झाड हजारो मुळांवर उभं आहे.

६. शोधणारे डोळे

आता भाचीचा दुसरा प्रश्न. करवंदासारखं रानफळ शेतात आणायचं काम कुणी, कसं करायचं?

एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि ती आपल्याकडची नाही. अंधेरीच्या मोठ्या दुकानात प्लॅस्टिकच्या डबीत ब्लूबेरी मिळते. १९११ पर्यंत ते रानफळच होतं. कुणी ते लागवडीत आणू शकलं नव्हतं. अमेरिकेच्या शेती खात्यातले फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० मध्ये छापलं की या झुडपाला आंबट माती लागते, म्हणून ते साध्या शेतात मरतं. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी ते वाचलं आणि त्यांना पत्र लिहिलं. एलिझाबेथबाईंच्या घरची क्रॅनबेरीची शेती होती, भोवती रेताड रान होतं आणि त्या रानात झुडुपांतून फळं वेचणारी माणसं होती. एलिझाबेथबाईंनी त्यांना धातूची पट्टी दिली. पट्टीला पाच अष्टमांश इंचाचं, म्हणजे साधारण १६ मिलिमीटरचं भोक. ज्या झुडपाचं फळ त्या भोकातून पडणार नाही, ते दाखवा. झुडपाचे पैसे मिळतील, वेळेचेही. १९१६ मध्ये लागवडीतली पहिली ब्लूबेरी बाजारात आली.

गोष्टीतलं मला आवडलेलं वेगळंच आहे. बाईंनी प्रत्येक झुडपाला शोधणाऱ्याचं नाव दिलं. रूब लीक नावाच्या माणसानं शोधलेलं झुडूप सगळ्यांत सरस निघालं. पण ‘लीक’ ही तिकडची कांद्यासारखी भाजी, ते नाव फळाला शोभेना. मग ‘रूब’ला ‘लीक’मधला ‘ल’ जोडून ‘रुबेल’ केलं. रुबेलची लागवड आजही होते. तो वाण शोधणाऱ्या माणसाचं नाव शंभर वर्षांहून जास्त काळ फळाबरोबर बाजारात जातंय.

आपल्याकडे हे काम करणारी मोठी संस्था म्हणजे दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, स्थापना १९७२. आजचं नाव डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. तिथल्या लोकांनी रानातली आणि परसातली झाडं पालथी घालून वाण निवडले. करवंदाचा ‘कोकण बोल्ड’ मोठ्या फळाचा. कोकमाचा ‘कोकण अमृता’ मला निवडीचं उत्तम उदाहरण वाटतं, कारण त्यात आकारापेक्षा वेळ महत्त्वाची होती. रातांबे पिकायला लागतात आणि तेवढ्यात पाऊस येतो. त्यांच्या सालांची सोलं वाळत नाहीत, माल कुजतो. ‘अमृता’ची बहुतेक फळं पावसाच्या आधी हाती येतात. थोड्याच दिवसांचा फरक, पण वर्षाची कमाई वाचवणारा.

जांभळाचा ‘कोकण बहाडोली’ वाण आला तो पालघर तालुक्यातल्या बहाडोली गावातून. टपोरी, गरदार जांभळं देणारी झाडं या गावानं पिढ्यान् पिढ्या राखली. विद्यापीठानं त्यांतून निवड केली आणि वाणाच्या नावात गावाचं नाव ठेवलं. गेल्या काही वर्षांत बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, बदलापूरच्या जांभळालाही मिळालं. म्हणजे पश्चिम रेल्वेवाल्यांचं एक नामवंत जांभूळ आणि मध्य रेल्वेवाल्यांचं एक.

गावाचं नाव राहिलं, ही चांगली गोष्ट आहे. तरी मला वाटतं, माणसाचाही वाटा राहायला हवा. कर्नाटकात तुमकुरूच्या एका शेतकऱ्याच्या बागेत तांबूस-लाल गऱ्यांचा फणस होता. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं तो तपासला, ‘सिद्धू’ नावानं त्याची कलमं करायचं ठरवलं आणि कलमांच्या उत्पन्नातले ७५ टक्के शेतकऱ्याला देण्याचा करार केला. फणस त्याच्या घरचा होता आणि पैसेही त्याच्या घरी गेले. २००१ च्या वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क कायद्यातही शेतकऱ्याला आपण जपलेल्या वाणाची नोंद करायची सोय आहे. पण पाटी घेऊन येणाऱ्या बाईकडे ना सातबारा असतो, ना त्या झाडाची मालकी. तिच्याकडे असते ती फक्त ओळख. कोणत्या ओढ्याकाठी कोणतं झाड आधी पिकतं, कोणत्या कड्यावरची जाळी गोड, हे तिला पाठ असतं. एलिझाबेथबाईंच्या पट्टीनं नेमकी ही ओळख विकत घेतली, आणि रीतसर किंमत देऊन घेतली. आपल्या रानफळांच्या शोधात ही पट्टी अजून फारशी फिरलेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

७. हजारो बागा, एक झाड

निवड झाली, कलमं झाली, बागा उभ्या राहिल्या. इथे एक धोका आत येतो.

हापूसमध्ये साका होतो हे प्रत्येक घरात माहीत आहे. वरून सोन्यासारखा आंबा, कापला तर कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग. एका बागेत होतो आणि दुसऱ्या बागेत नाही, असं नसतं. झाड एकच असल्यामुळे त्याची खोडही सगळीकडे एकच. ती खोड घालवायची तर त्या झाडाच्या बाहेर जावं लागतं. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात हापूस आणि नीलम यांचा संकर करून १९८१ मध्ये ‘रत्ना’ आणला. त्यात साका नाही. म्हणजे साक्यावरचं औषध हापूसमध्ये नव्हतंच, ते दुसऱ्या झाडात होतं. ते दुसरं झाड कुणीतरी जपलं होतं म्हणून मिळालं.

१९२९ मध्ये रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव कझाकस्तानात अल्मा-अता शहराजवळच्या डोंगरांत गेले. तिथे त्यांना रानटी सफरचंदांचं जंगल दिसलं. हिरवी, पिवळी, लाल, बोराएवढी, मुठीएवढी, तुरट आणि चक्क बाजारातल्यासारखी गोड. सगळी एका टेकडीवर. हीच सफरचंदाची जन्मभूमी असणार, असं त्यांनी ओळखलं. आज जगभर खाल्ल्या जाणाऱ्या सफरचंदाचा मुख्य पूर्वज तिथलाच आहे, हे पुढे सिद्धही झालं. पण नंतर शहर वाढत डोंगरावर चढलं आणि त्या जंगलाचा मोठा भाग घरांखाली गेला.

हे वाचताना मला बोरिवलीच आठवते. शंभराहून थोडे जास्त चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, एका बाजूला मुलुंड आणि ठाणे, दुसऱ्या बाजूला बोरिवली-कांदिवली, खाली आरे. कान्हेरीच्या वाटेवर एप्रिलमध्ये करवंदाच्या जाळ्या हिरव्या फळांनी लगडतात. तिथून फळ किंवा फांदी आणायची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालचं ते रान आहे आणि तिथली फळं उदमांजरांची, बुलबुलांची आहेत. ते तसंच राहावं असं मला वाटतं. त्या जाळ्या एकमेकींपासून वेगळ्या राहिल्या, दर वर्षी नव्या बिया पडत राहिल्या, तरच उद्या कुणाला बिनचिकाचं किंवा रोग न येणारं करवंद शोधायला जागा उरेल. बागेत कलमं असतात, पण नवे पत्ते रानातच पिसले जातात.

भाचीला मी जूनमध्ये मोजायला सोसायटीतल्या दोन जांभळांखाली नेलं. तिनं चुन्यानं दोन वर्तुळं आखली, रोज सकाळी दोन्हींतली पडलेली फळं मोजली, पंचवीस-पंचवीस वेगळी काढून काट्यावर तोलली आणि बिया उन्हात गच्चीवर वाळत टाकल्या. तिसऱ्या दिवशी वॉचमनकाका येऊन म्हणाले, “ताई, खरं टपोरं जांभूळ मागच्या गल्लीतल्या टाकीजवळ आहे. कुणी तिकडे जात नाही.” तिनं वहीत तिसरा रकाना आखला आणि वर त्यांचं नाव लिहिलं.